तुळजाजीरावांचा हात

तुळजाजीरावांनी माझ्याशी बोलण्याआधी मला मारले. इरुंगाट्टुकोट्टैला आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर पोलादी सळ्यांची एक लॉरी चरात कलंडली होती आणि ती ओढायला त्यांची गाडी आली होती. मी नोकरीत नवा, सांगलीहून नुकताच आलेला. प्रयोगशाळेतले काम टाकून, हात पाठीमागे बांधून, ताणलेल्या तारेच्या दोराशेजारी मी गंमत पाहत उभा होतो. मागून कोणीतरी तमिळमध्ये ओरडले. ते मला उद्देशून आहे हे कळायच्या आत कानाखाली असा फटका बसला की मी मातीत लोळलो. तोंडातून "आई गं" निघाले आणि त्यापाठोपाठ आमच्याकडची एक ठसठशीत शिवीही.

माझ्यावर वाकलेला धिप्पाड माणूस थबकला. खाकी अर्धी चड्डी, ग्रीसने काळे झालेले दंड, पिकत चाललेल्या मिशा.

"मऱ्हाटे?" त्याने विचारले.

"हो," मी कान धरून म्हणालो.

"मऱ्हाटे असोन दोरापाशी उभे राहतां? तुटला म्हणजे धड येथे, डोई तेथे."

दोर तुटला नाही. लॉरी सुखरूप वर आली. आपण एका परक्या माणसाला उगाच मारले, असे त्यांच्या मनाला शिवलेही नाही. दोर गुंडाळून झाल्यावर ते माझ्याकडे आले, माझी हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला आणि म्हणाले, "सांगावयास वेळ लागतो. हात लवकर पोचतो. चला, जेवावयास."

अशी आमची ओळख झाली. दोन हजार साल नुकतेच उलटले होते. मी तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, एकट्यादुकट्या नोकरदारांच्या खोल्यांपैकी एका खोलीत राहत होतो आणि मराठी बोलायला कोणी भेटत नाही म्हणून आतून सुकत चाललो होतो. तुळजाजीराव तंजावरचे मराठे. शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्यातले. त्यांची मराठी ऐकताना शाळेत वाचलेली बखर कोणी तमिळ हेलात म्हणून दाखवतो आहे असे वाटे. 'झाले'ला ते 'जाहले' म्हणत आणि त्याच वाक्यात 'सीक्रम, सीक्रम' करून घाई लावत. तमिळ मंडळी त्यांना 'तुलसी राव' म्हणत. तुळशीचा सौम्यपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता.

बंगळूर रस्त्यालगत त्यांची पत्र्याची शेड होती. अपघातात सापडलेल्या, चरात गेलेल्या गाड्या ओढून काढणे हा धंदा. तो मुळातच रक्ताचा धंदा होता. चेपलेल्या केबिनी, फुटलेल्या काचा, सीटच्या कापडाला चिकटलेले केस हे सगळे त्यांच्या अंगणात रोज येऊन पडे. लोखंडावर पहिला घाव घालण्याआधी ते त्याला शिव्या देत, तीन पिढ्यांचा उद्धार करत, आणि मग घण उचलत. माणसांच्या बाबतीत शिव्यांची पायरी गाळलेली असे. अपघातात मेलेल्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ काढणाऱ्या एकाचे दात त्यांनी माझ्यादेखत पाडले. पाना चुकीचा दिला म्हणून कामगाराला त्याच पान्याने हाणले. कामगार टिकत नसत.

टिकला होता तो एकटा धाकटा भाऊ एकोजी. हा थोरल्याच्या निम्म्या अंगाचा, हसरा, बोलघेवडा. दादा संतापले की तो गाडीखाली सरपटत जाई आणि तिथून तमिळ सिनेमातल्या खलनायकाच्या आवाजात त्यांची नक्कल करी. तुळजाजीराव घण घेऊन गाडीभोवती फिरत आणि शेवटी त्यांनाच हसू फुटे. एकोजीची बायको गिरिजा वहिनी दुपारी डबा घेऊन येत. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. मी पुढे पुढे दर रविवारी त्यांच्याकडे जेवू लागलो. आंबट वरण आणि डांगर पचडी वाढताना वहिनी विचारत, "तुमच्याकडे हे करतात काय?" आणि मी 'असे नाही करत' म्हणालो की तिघेही माझी कीव करत.

ज्या गाडीने हे घर चालत होते ती लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी पिकअप होती. पुढे जाडजूड बंपर, मागे दोर गुंडाळण्याची विंच. बांध्याने दणकट, पण तिच्या ताकदीपेक्षा दुप्पट ओझे ती वर्षानुवर्षे ओढत आली होती.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात श्रीपेरुंबुदूरच्या पुढे वाळूने भरलेली एक लॉरी खड्ड्यात गेली. दोर बांधला. पिकअप मागे घसरू नये म्हणून एकोजी मागच्या चाकाशी लाकडी ठोकळा सरकवत होता. तुळजाजीरावांनी क्लच सोडला, आणि मागच्या एक्सलचा शाफ्ट तुटला. त्या गाडीत चाक थेट शाफ्टवरच बसवलेले होते. शाफ्ट मोडला तसे चाक शाफ्टच्या तुकड्यासकट बाहेर आले आणि गाडीचा मागचा भाग एकोजीवर बसला. ज्यांनी पाहिले त्यांनी मला सांगितले की तुळजाजीराव खाली उतरले आणि जॅक आणायचे सोडून नुसत्या हातांनी गाडी उचलू लागले. लोकांनी त्यांना ओढले तर त्यांनी दोघांना फेकून दिले. एकोजी तोवर गेला होता.

तेरावे झाल्यावर काही दिवसांनी तुळजाजीराव आमच्या कारखान्याच्या फाटकाशी आले. हातात गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी होते. धातू का तुटतो हे शोधणे हेच माझे काम आहे, हे त्यांना ठाऊक होते. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना प्रयोगशाळेत नेले. त्यांनी शाफ्टचे दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले.

"हे काय बोलते, ते मला सांगा," ते म्हणाले. "मी क्लच झटक्याने सोडला म्हणोन मोडले? गिरिजा तसे म्हणते."

तुटलेले तोंड मी साफ केले आणि भिंगाखाली धरले. बघायला फारसे काही लागत नव्हते. तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत, काळपट, गंजलेला होता. ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा रेषा त्यावर होत्या. उरलेला थोडासा भाग ताजा, खरखरीत, चमकता. मी त्यांना ते दाखवले. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती ओढकामागणिक आत सरकत गेली. चमकता भाग तेवढा त्या दिवशी तुटला.

"म्हणजे झटका नव्हे?"

"झटका बसलाच. पण त्या दिवशी नसता बसला तरी पुढच्या ओढीला तुटलाच असता."

त्यांनी त्या काळ्या भागावरून अंगठा फिरवला. मग हळू म्हणाले, "उघडोन पाहिले असते, तर चीर दिसली असती?"

त्यांना काय ऐकायचे आहे हे माझ्या लक्षात आले. पण टेबलावर शाफ्ट उघडा पडला होता. "शाफ्ट बाहेर काढून पुसला असता तर दिसली असती," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "एकोजी म्हणाला होता. मागील चाकातोन टकटक येते, दादा, उघडूं. मी म्हटले, नंतर. पुन्हा म्हणाला. तेव्हा मी त्यास चारचौघांत थोबाडीत मारली. मग तो काही बोलला नाही." त्यांनी तुकडे पुन्हा गोणपाटात गुंडाळले, लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावे तसे सावकाश, आणि निघून गेले.

रविवारी शेडवर गेलो तर पिकअप ओळखू येत नव्हती. त्यांनी घणाने तिची दारे आत घातली होती, बॉनेट फोडले होते, दिवे चुरडले होते. घण टाकून ते जमिनीवर बसले होते. तळहात सोलून निघाले होते.

"मारोन मारोन दमलो," ते म्हणाले. "मेली नाही."

"भंगारात देऊन टाका," मी म्हणालो.

"भंगारात दिली तर वितळोन दुसऱ्या कोणाच्या दारी जाईल. नको. हिचे पाय तोडीन आणि दुसरे बसवीन."

आणि खरोखरच त्यांनी ते काम एखाद्याचे हातपाय तोडावेत तसेच सुरू केले. लष्कराच्या एका मोडीत निघालेल्या मोठ्या लॉरीचे पुढचे-मागचे दोन्ही एक्सल त्यांनी मिळवले. त्या एक्सलमध्ये चाकाचे वजन शाफ्टवर नसते, बाहेरच्या जाड नळीवर असते. शाफ्ट फक्त फिरवतो. तो मोडला तरी चाक जागच्या जागी राहते. त्यांना बाकी काही नको होते. वेग नको, दिसणे नको. चाक निघता कामा नये, एवढेच.

जुने पाटे, म्हणजे एक्सलवरचे कमानदार पोलादी स्प्रिंग, गंजून घट्ट बसले होते. गॅसच्या ज्वाळेने लाल करून, घणाचे घाव घालून ते एकेक पिन बाहेर काढत. ठिणग्यांनी त्यांच्या छातीवर फोड उठले होते. नवी चाके केवढी तरी मोठी. ती बसावीत म्हणून त्यांनी मडगार्ड कापले, चासीवरच्या पाट्यांच्या बैठका तोडून नव्या जोडल्या, इंजिनापासून मागे जाणारा लांब शाफ्ट आखूड केला. एकदा एका चाकात हवा भरताना टायर धरून ठेवणारी रिमची लोखंडी कडी उडाली. चाक सळ्यांच्या पिंजऱ्यात ठेवले होते म्हणून आम्ही वाचलो. कडीने पिंजऱ्याची सळई वाकवली आणि छताचा पत्रा फाडून ती बाहेर गेली. तुळजाजीरावांनी वर पाहिले, भोकातून येणाऱ्या उन्हाकडे, आणि म्हणाले, "ही अजोन एक जीव मागते."

गिरिजा वहिनी त्या दुपारी आल्या तेव्हा मी तिथेच होतो. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्या शेडकडे फिरकल्या नव्हत्या. गाडी पुन्हा उभी राहते आहे हे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. नव्या चाकांवर उंच उभी असलेली पिकअप त्यांनी पाहिली, आणि कोपऱ्यातला घण उचलून तिच्या नव्या काचेवर घातला. काच खळकन खाली आली.

"माझा नवरा हिच्याखाली गेला आणि तुम्ही हिला नवे पाय लावतां, भावजी?"

दुसरा घाव दारावर पडला. कामगार पळाले. तुळजाजीराव पुढे झाले नाहीत.

"गिरिजा," ते म्हणाले, "आधी ऐक. मग मार."

आणि त्यांनी सांगितले. टकटक, एकोजीचे म्हणणे, सगळ्यांसमोर मारलेली थोबाडीत. वहिनींना हे माहीत नव्हते. एकोजीने घरी सांगितलेच नव्हते. त्या दिवशी गालावर वळ दिसला तेव्हा तो म्हणाला होता, पाना निसटला.

"कोणत्या हाताने?" वहिनींनी विचारले.

तुळजाजीरावांनी उजवा हात वर केला. घण वहिनींच्या हातून कधीच गळला होता. चाकाचा लांब पाना बंपरवर पडला होता तो त्यांनी उचलला आणि त्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मेला नाहीस तू," त्या ओरडल्या. नात्याने मोठ्या असलेल्या माणसाला त्यांनी एकेरी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. "तो मेला आणि तू मेला नाहीस!" पाना पुन्हा वर गेला तेव्हा मी मधे पडलो. तुळजाजीराव डाव्या हाताने मला बाजूला सारत होते. "सोडा तिला. पोदुम म्हणेल तेव्हा पोदुम." पुरे, असे ती म्हणेपर्यंत.

वहिनी तसे म्हणाल्या नाहीत. पाना टाकून दाराशी गेल्या आणि भिंतीला धरून ओकल्या. इस्पितळात डॉक्टरांनी विचारले तेव्हा तुळजाजीराव म्हणाले, "जॅक निसटला." मला वाटले, हे घर खोटे बोलताना एकाच साच्यातून बोलते.

मनगटाचे प्लास्टर निघायच्या आत वहिनी पुन्हा आल्या. काचेच्या चुऱ्यावरून चालत गाडीपाशी गेल्या आणि वाकून खाली पाहू लागल्या. "ह्यातला एकेक नट मी पाहीन," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांखालोन गेल्याविना ही रस्त्यावर जाणार नाही. आणि मी थांबा म्हटले म्हणजे थांबावयाचे. समोर कोणी मरत असला तरी."

"बरे," तुळजाजीराव म्हणाले.

त्या शिकल्या. आठवीपर्यंत शिकलेली, घरचा डबा करणारी बाई पाना धरू लागली, साडीवर खाकी शर्ट चढवून गाडीखाली जाऊ लागली. तुळजाजीरावांच्या उजव्या हाताची मूठ पुन्हा नीट वळली नाही. जिथे त्यांचा जोर पुरत नसे तिथे वहिनी पान्यावर पाय देऊन उभ्या राहत. दोघांत प्रेमाचा एक शब्द मी ऐकला नाही. वहिनी विचारत, "हे का ढिले?" आणि ते उत्तर देत. पूर्वी असे विचारणाऱ्याचे दात गेले असते. त्यांच्या कपाळाची शीर उडताना दिसे, डावा हात वळताना दिसे, आणि मग ते पाठ फिरवून ऐरणीवर नुसतेच घाव घालत बसत. ऐरणीवर काही नसे.

गाडी रस्त्यावर आली. वर्षाच्या आतच 'थांबा' म्हणण्याची ती वेळ आली. रविवार होता, दुपार. महामार्गावर एका लॉरीने उभ्या ट्रेलरला मागून धडक दिली होती. मी शेडवर होतो, तसाच गाडीत चढलो. केबिन चेपून चालक आत अडकला होता. स्टिअरिंग छातीला टेकलेले, एक पाय कुठे आहे हे कळत नव्हते. तो शुद्धीवर होता आणि "अम्मा, अम्मा" म्हणून किंचाळत होता. लॉरीवाल्यांची गर्दी जमली होती. तुळजाजीरावांनी केबिनच्या खांबाला दोर लावला, गाडी पुढे घेतली, दोर ताणला गेला. पत्रा कुरकुरत उघडू लागला.

"थांबा!" वहिनी ओरडल्या.

मला काहीच ऐकू आले नव्हते. तुळजाजीरावांनी इंजिन सैल सोडले. चालकाचा आवाज टिपेला गेला आणि गर्दी पिसाळली. "ओढ! ओढ रे!" वहिनी गाडीखाली शिरल्या होत्या. कोणीतरी त्यांचा पाय धरून ओढू लागले. मी त्याच्या अंगावर पडलो आणि माझ्या नाकावर ठोसा बसला. तुळजाजीराव खाली उतरून वहिनींच्या पायांपाशी, चाकाला पाठ लावून उभे राहिले. एकाने त्यांच्या शर्टाला धरून हिसडले. दुसऱ्याने जाड फळी त्यांच्या कपाळावर घातली. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरले. ते त्या माणसाहून दीडपट होते. दोन्ही हात खाली सोडून ते उभे राहिले. पुन्हा फळी बसली, खांद्यावर. ते हलले नाहीत. फक्त म्हणत होते, तमिळमध्ये, "ती सांगेल. ती सांगेल."

"एक्सल सरकला आहे!" वहिनी खालून म्हणाल्या. "बोल्ट ढिले."

पाट्यांना एक्सल आवळून धरणारे ते बोल्ट. नवे पाटे ओझ्याखाली बसले आणि बोल्ट सैल पडले होते. तसेच ओढले असते तर एक्सल जागचा निघाला असता आणि दोर, गाडी, केबिन सगळे एकमेकांवर गेले असते. तुळजाजीरावांनी फळीवाल्याकडे हात पुढे केला. तो दचकून मागे सरला. "फळी दे," ते म्हणाले. त्याच्या हातून ती घेऊन त्यांनी चाकाखाली ठोकली, मग त्याची मानगूट धरून त्याला खाली बसवले आणि पाना त्याच्या हातात दिला. "आवळ. ती सांगेल तेवढे आवळ."

चालक ओरडायचा थांबला होता.  वहिनी बाहेर आल्या, तोंड धुळीने माखलेले. "आता ओढा. सावकाश."

सावकाश ओढले. केबिन उघडली. माणूस जिवंत निघाला. पाय गुडघ्याखाली गेला, पण तो जगला. गर्दी पांगली तेव्हा तुळजाजीराव रस्त्याकडेला मैलाच्या दगडावर बसून रक्त पुसत होते. माझ्या नाकातूनही रक्त येत होते. वहिनींनी पाण्याची बाटली आधी मला दिली, मग त्यांना.

पुढे काही वर्षांनी मला पुण्याला नोकरी मिळाली. निरोप घ्यायला शेडवर गेलो तेव्हा तुळजाजीराव बाहेर एकटेच बसले होते. आधी आम्ही पुण्याच्या हवेविषयी बोललो. मग मी इतकी वर्षे मनात असलेले विचारून टाकले. म्हटले, "तुळजाजीराव, तुमचा राग गेला का हो?"

ते चिडतील असे वाटले होते. ते विचार करू लागले.

"राग कोठे जातो?" ते म्हणाले. "तो येथेच असतो. जाते ते माणूस."

आतून वहिनींनी हाक मारली. पूनमल्लीजवळ एक टँकर उलटला होता. ते उठले, मला हाताने दूर हो म्हणून खुणावले आणि गाडीत चढले. वहिनी दुसऱ्या बाजूने चढल्या. गाडी रस्त्याला लागली. दोघांपैकी कोणीही मागे पाहिले नाही.